घरी राहिलेला बिल्ला

टक्क! दुपारच्या शांततेत न्हाणीच्या फरशीवर काहीतरी पडलं. नवऱ्याचा कालचा शर्ट धुवायला उचलला, त्यातून अणुभट्टीचा बिल्ला सुटला होता. अंगाला किरणं किती लागली ते मोजणारा, कामावर छातीला लावायचा. नवरा तर सकाळपासून तिथेच, किरणोत्सारी कचऱ्याची पिंपं रचायला गेलेला.

तो आल्या आल्या मी बिल्ला त्याच्या नाकासमोर धरला. “हा घरी कसा?”

“मुकादमच म्हणतो, बिल्ल्यावर किरणांचा ठरलेला आकडा भरला की कामावरून काढतील. म्हणून आम्ही सगळेच घरी ठेवतो.”

“वा! म्हणजे कागदोपत्री आपली न्हाणी ठणठणीत! आणि तुमचं अंग कोण मोजणार, मुकादमाची आई? उद्या मीच येते फाटकावर, साहेबांनाच विचारते.”

“अगं, ओरडू नकोस. दोन वर्षं झाली, काही होत नाही.”

चार वर्षांची लेक हात पसरून त्याच्याकडे धावली. तो झटकन मागे सरला, टॉवेल ओढून न्हाणीत शिरला आणि आतून कडी घातली.

लेक माझ्याकडे वळली. “आई, काही होत नाही, तर मग आंघोळ केल्याशिवाय बाबा मला उचलून का घेत नाही?”