पाच रोपं आणि वाळूचा खण

संत्र्याच्या साली. निळीच्या पाण्याच्या दोन बाटल्या. तुरीच्या काड्या. एक मोडकी छत्री.

एवढं सगळं शकूताईंनी वांग्याच्या वाफ्याभोवती मांडलं, तरी शेजारचे मास्तर ज्यांना दूध घालत, ती गल्लीतली मांजरं भुसभुशीत माती बघून तिथेच उकरायला यायची. बारा रोपांतली पाच उरली होती. बियाणं आईच्या हातचं, आणि डबीत आता एकही बी नव्हतं. मांजरावर काठी उगारायला मन धजेना, म्हणून त्या कुंपणावरून मास्तरांवरच तडकल्या.

"जेवायला तुमच्याकडे आणि परसाकडेला माझ्या वाफ्यात. बरी शिकवण दिलीत, मास्तर."

मास्तर ओशाळले. "नवी शिकवतो. फक्त त्यांनी उकरलेली ओंजळभर माती मला द्या."

सकाळी मास्तरांच्या अंगणात जुन्या टेबलाचा खण दिसला, काठोकाठ वाळूने भरलेला, वर शकूताईंच्या वाफ्यातली माती पसरलेली. ओळखीच्या वासाने मांजरं तिकडे वळली आणि आठवड्याभरात तिथलीच झाली.

दसऱ्याला पाचही झाडं वांग्यांनी लवली. पहिलं वांगं शकूताईंनी बियाण्यासाठी झाडावरच पिकू दिलं. पुढच्या तोड्याची भरली वांगी घेऊन त्या कुंपणाशी आल्या.

"त्या दिवशी फार बोलले मी. आईचं वांगं राहिलं ते तुमच्यामुळे."

"मांजरांना सांगतो," मास्तर पातेलं हुंगत म्हणाले. "पण यातलं त्यांना काही मिळणार नाही."

वाळूची गोणी मास्तरांनी त्या भांडणाच्या आदल्या दिवशीच आणून ठेवली होती.