किनरॉसचा दाखला

"परत सांग, त्या जिल्ह्याचं नाव काय?" बदरुद्दीन गाडी चालवता चालवता म्हणाले.

"किनरॉस, अब्बा. स्कॉटलंडमधला."

सफाने वही उघडली. अल ऐनच्या युनिव्हर्सिटीत त्या जिल्ह्याच्या कारभारावर ती प्रबंध लिहीत होती, आणि आज तो खऱ्या कामाला येणार होता. दुबईतल्या वेळणेकरांची, गावची शाळा चालवणारी जमात कमिटी शेजारच्या पांगारी गावाच्या बड्या कमिटीत विलीन करायचा घाट घातला होता. पांगारीकरांचं म्हणणं साफ होतं: दोन गावांत शाळा एकच, ती पांगारीत. म्हणजे वेळण्याची मुलींची शाळा बंद. सफा तिथेच शिकली होती. विचारानेच तिचा जीव तुटत होता.

त्यात आपलाच कुणीतरी फुटला होता. सभासदांची यादी पांगारीकरांच्या हाती पोचली होती. सफाचा संशय चिटणीस मुझम्मिलवर होता. अब्बा अध्यक्ष असूनही यावर चकार शब्द काढत नव्हते. मोठं मन, दुसरं काय!

"एकोणीसशे तीसला शेजारच्या मोठ्या पर्थशी संयुक्त कारभार सुरू झाला," ती म्हणाली. "पंचाहत्तरला किनरॉसचं कौन्सिलच बरखास्त."

"आणि नाव?"

"राहिलं. पर्थ आणि किनरॉस. दुसऱ्या नंबरावर."

"संयुक्त कौन्सिलमध्ये किनरॉसवाल्यांना सीट्स मिळाल्या?"

"मिळाल्या ना. थोड्या."

"पब्लिक ओरडली असेल?"

"फार दंगा झाल्याचं मला तरी सापडलं नाही."

अब्बांनी ते पुन्हा वदवून घेतलं. शाळा वाचवायला केवढी ही तयारी! सफाला भरून आलं.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका मेसचा हॉल जुम्म्याच्या नमाजनंतर सभेसाठी भरला होता. जमातीत मतदान नसतं. अध्यक्षाने फातिहा पढला की ठराव पक्का, बात खलास.

आधी मुझम्मिल उठला. "शाळा मोडू नका," तो कळवळून म्हणाला. काय नाटकी माणूस, सफाच्या मनात आलं.

"यल्ला बदरुभाई, आता तुम्ही," पांगारीचे अजीजशेठ म्हणाले.

अब्बांनी किनरॉसची हकिगत सफाच्याच शब्दांत सांगितली. सगळे कान देऊन ऐकत होते. सफाने अभिमानाने शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा, नबिलाचा हात दाबला.

"तर भाईंनो, नाव राहिलं, सीट्स मिळाल्या, आणि कुणी ओरडलंसुद्धा नाही," अब्बा म्हणाले. "आपलंही तसंच निभेल, इन्शाल्ला."

आणि संयुक्त कमिटीचे नायब सदर, म्हणजे उपाध्यक्ष, म्हणून अजीजशेठनी पुढे सरकवलेल्या खुर्चीत बसून त्यांनी फातिहासाठी हात उचलले.