कुवेत ते सोहाग, तीन तास

कुवेतहून इजिप्तमधल्या सोहागला विमान तीन तासांत येतं. मधे हजार मैल आहेत. बखीत विमानतळाच्या दारासमोर उभा होता आणि झग्याच्या आतलं पिस्तूल त्याच्या बरगडीला टोचत होतं. शेजारी त्याची आई, नफीसा. आईसोबत आलेल्या पोराला पोलीस तपासत नाहीत, म्हणून ती आली होती.

"आई, खलफदादाला मारलं अवादने. डॉक्टर तर तेव्हा कुवेतात होता. अवाद रोज आपल्या वेशीवर हुक्का ओढत बसतो. इथून दगड मारला तरी लागेल."

"त्या गंजेडीला मारू? माझ्या खलफची किंमत ती?" नफीसा थुंकली. "त्यांच्या घरात माणसात जमा एकच आहे, अवादचा चुलतभाऊ. हा डॉक्टर. तोच पाहिजे. भ्यायला असशील तर पिस्तूल आण इकडे, आणि माझी ओढणी घे डोक्यावर."

सूडाचं गणित असं हरामी. खुनी सोडायचा आणि त्याच्या घरातला सगळ्यात चांगला माणूस मारायचा. गाव यालाच अब्रू म्हणतं.

विमान उतरलं. दोऱ्यांनी बांधलेली खोकी, ब्लँकेटं, पोरंबाळं असा लोंढा बाहेर आला. मागून हमालासोबत डॉक्टर मुंतसिर. कुवेतातल्या आठ वर्षांत टक्कल पडलेलं. आपल्याला बघून हा पळू दे, असा बखीत मनोमन नवस बोलला.

डॉक्टर हात पसरून सरळ त्याच्याकडेच आला.

"बखीत! केवढा झालास रे! घरचे म्हणत होते, येऊ नकोस. म्हटलं, खलफचं दुःख काय फोनवर विचारायचं? आधी तुमच्याकडे, मग माझ्या घरी."

बखीत एक पाऊल मागे सरला. "आम्ही सांत्वन घेत नाही."

सोहागात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. रक्ताला रक्त मिळेपर्यंत मेलेल्याच्या घरचे कुणाचं सांत्वन घेत नाहीत. हमालाला कळलं. बॅगा तिथेच टाकून तो पळत सुटला.

डॉक्टरचे डोळे भरून आले. "मला कळतं रे, बाळा. दुःख ताजं असलं की माणसं नकोशी होतात."

"आम्ही सांत्वन घेत नाही!" बखीत किंचाळला. गर्दी भराभर मागे हटली. दारातला पोलीससुद्धा आत गेला.

डॉक्टरने पुढे होऊन त्याला मिठीत घेतलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागला. नफीसाने मागून कोपर मारलं.

गोळ्या मिठीतच सुटल्या. पाठीवरचा हात क्षणभर तसाच फिरत राहिला, मग डॉक्टर घसरत बखीतच्या पायांशी आला. लग्नात बायका करतात तसा नफीसाने जिभेचा किलकिलाट केला.

बखीत मटकन खाली बसला. रक्ताने भिजलेला डॉक्टरचा सदरा दोन्ही मुठींत धरून त्याला गदागदा हलवू लागला.

"दोनदा सांगितलं ना तुला? दोनदा! पळायला काय धाड भरली होती?"