लाल टोकाची

रामकिसन लढाईवरून सुटीवर आला तो मोठ्या मशीनगनच्या, आतली दारू काढलेल्या, दोन गोळ्या घेऊनच. “काळ्या टोकाची लोखंड फोडती,” तो म्हणाला, “लाल टोकाची पेटत जाती, नुसती वाट दाखवती.” लाल गोळी त्यानं बायकोला, सरूबाईला, दिली. काळी रुमालात बांधली, त्याच्या शेजारी लढताना गेलेल्या गयासच्या बायकोसाठी, ताहेरासाठी. सरूबाईच्या पोटात दुखायला लागलं. लोखंड फोडणारी त्या ताहेराला, अन् घरच्या लक्ष्मीला नुसती वाट दाखवणारी? तो आंघोळीला गेला तशी तिनं गोळ्या बदलल्या, काळी कनवटीला खोचली. दोघं औरंगपुऱ्यात ताहेराच्या घरी गेली. ताहेरानं रुमाल सोडला अन् लाल टोकाकडं बघतच राहिली. “भाईजान, तुमीच लिहिलं व्हतं ना? असल्या लाल गोळीच्या उजेडावरूनच दुश्मनाला आमच्या यांची जागा कळली म्हणून.” रामकिसननं वळून बायकोकडं पाहिलं. सरूबाईला कनवटीची काळी गोळी बाहेर काढताही येईना.