धुराचा बाण

कायद्यानं बंदी आणली ती फक्त यंत्रात नोंद होणाऱ्या धुरावर. म्हणून कारखान्यानं धुरांड्यावर अजस्र पंखे बसवले. हवा मोजायचं यंत्र जिथं नसेल, तिकडे ते आपोआप धूर ढकलायचे. तिथं कामाला असलेल्या सदानंदनं पडद्यावरचा, धुराची दिशा दाखवणारा बाण नुसता बघत बसायचं. पंखे थांबवायला त्याच्याजवळ खटकासुद्धा नव्हता.

यंत्र नसलेलं आंबेवडी हे शेवटचं गाव, आणि तेच लेकीचं सासर. बाण तिकडे वळला की तो फोन करायचा, "कुंदे, खिडक्या लावून घे गं."

सातवा लागताच त्यानं तिला बाळंतपणाला माहेरी, कारखान्याच्या वसाहतीत आणलं.

आज व्याह्यांचा फोन आला. "पाव्हणं, जिंकलो! सहा वर्षं अर्ज केले, शेवटी गावात यंत्र बसलं!"

"लई झ्याक झालं," म्हणत सदानंदनं पडद्याकडे पाहिलं. बाण आंबेवडीवरून सुटला, सगळ्या गावांवरून फिरला आणि वसाहतीवर येऊन थांबला. तिथं यंत्र बसवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानं घाईघाईनं घरी फोन लावला.

"बाबा, काय गार वारा सुटलाय!" कुंदा म्हणाली. "सगळ्या खिडक्या उघडून बसलेय."