वळणाआधी

सूसामिरच्या घाटाला गाडी लागली तशी बुरूलने मुलाला पुन्हा टोकलं. "एर्मेक, त्या यंत्राला वळण जरा आधी सांगायला लाव."

"आपा, शंभर मीटर आधी सांगतं की! बाबा गेले ते वळण मी विसरेन होय?"

"वळण तर तुझ्या बाबांनाही पाठ होतं. चांगलं किलोमीटरभर आधी सांगू दे."

"म्हातारपणी वेडी झालीस," असं हसत म्हणत त्याने गाडी थांबवली आणि नॅव्हिगेटरवर तसं करून दिलं.

पुढे सरळ रस्त्यावरच यंत्र बोललं, 'डावीकडे वळण आहे.'

"हं, आत्ताच दुआ कर," आई म्हणाली.

"इथे? बाबांच्या आठवणीचा दगड तर वळणावर आहे. बापाच्या दगडासमोरून दुआला हात न उचलता गेला म्हणून लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. मी घेईन ऐकून."

एर्मेकने स्टिअरिंग सोडलं, दोन्ही तळवे उघडून बापासाठी दुआ मागितली आणि ते चेहऱ्यावरून फिरवले. "ओमीन."

"आता दोन्ही हात घट्ट. तिकडे बघायचंसुद्धा नाही."

त्याने बघितलंच.

वळणावर कड्याच्या टोकाला बापाचा दगड उभा होता, आणि त्याला लागूनच तिथे आधी गेलेल्या त्या ड्रायव्हरचा, ज्याच्यासाठी बापाने तिथे स्टिअरिंगवरून दोन्ही हात उचलले होते.