जपानी शॉकअप

दामूच्या आईला डोळ्यांनी दिसत नव्हतं. माहीम गावाहून बोईसरला मणक्याच्या डॉक्टरकडे नेताना प्रत्येक खड्डा तिला पाठीनेच कळायचा आणि ती जीव चालल्यासारखी विव्हळायची. अखेर दामूने गाडीचे झिजलेले शॉकअप काढून टाकले आणि थेट जपानहून नवे मागवून बसवले.

पहिल्याच फेरीला गाडी अशी चालली, जणू रस्ताही जपानहूनच आलाय. दामूने कौतुकाने आरशात पाहिलं, तर मागे आईने दाराची मूठ गच्च धरलेली.

“दुखतंय का गं?”

“नाय. कुठं नेतोस मला?”

“डॉक्टरकडे. बोईसरला.”

“खोटं नको बोलू. ओढ्याचा पूल नाय लागला, शैलेशच्या टपरीचा खड्डा नाय लागला. हा आपला रस्ताच नाय. त्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात टाकाया चाललास ना मला?”

दामूने गाडी बाजूला घेतली, तिचा हात धरला, शपथा घेतल्या. आईचं रडू थांबेना.

शेवटी त्याने पुढचा सगळ्यात खोल खड्डा हेरला आणि वेग वाढवून गाडी त्यात घातली.

“आई गं! मासळीबाजार आला,” आई विव्हळली आणि तिने मूठ सोडली.